व्हर्नाचं इंधन

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर अल्विन ट्रेझाइजचं नाव अजून निघतं. विमानातून समुद्रावर घिरट्या घालायच्या, पाण्याखाली सरकणारा ट्यूना माशांचा काळसर थवा हेरायचा आणि खालच्या बोटींना त्याच्या अंगावर घालायचं, हे काम त्यानं जन्मभर केलं. मासेमारीचा हंगाम नसला की आतल्या रानातल्या मेंढ्यांच्या वस्त्यांवर टपाल पोचवायचा, लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्या न्यायचा-आणायचा. माणूस तोंडाचा फटकळ, पण इंधनाच्या बाबतीत अगदी सोवळ्यातला. एकदा एका मोठ्या मेंढपाळाला मुलीच्या लग्नासाठी ॲडलेडला पोचायचं होतं. सामान जास्त झालं म्हणून तो म्हणाला, "टाकी थोडी कमी भर की, काय बिघडतंय?" अल्विननं त्याच्या पेट्या उचलून धावपट्टीच्या कडेला धुळीत मांडल्या. "वाऱ्याला तुमच्या घरचं लग्न कळत नाही," म्हणाला. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे अल्विनला ठाऊक होतं.

मग त्याच्या हृदयानं दगा दिला. ऑपरेशन नीट झालं, पण वैमानिकाचा परवाना गेला तो गेलाच. विमान विकलं. डार्विनला राहणाऱ्या मुलीनं, टॅम्सिननं, बापाचं तोंड उतरलेलं पाहून एक मोठा पडदा, कॉम्प्युटर, विमानासारखं सुकाणू आणि पायाशी ठेवायची पेडलं असं सगळं घरी पाठवून दिलं. घरबसल्या विमान उडवायचं. अल्विननं ते एकदा चालवून पाहिलं, धावपट्टीवर आडवं पाडलं आणि उठला.

"खेळणं आहे हे. पाठीला धक्का नाही, पेट्रोलचा वास नाही. शेजारच्या पोरांना देऊन टाक."

व्हर्नानं ते कुणाला दिलं नाही. मागच्या खोलीत चादर टाकून ठेवलं, आणि एका पावसाळी दुपारी तिनं ती चादर काढली.

व्हर्ना म्हणजे त्याची बायको. अल्विन आकाशात असायचा तेव्हा ही धक्क्याजवळच्या पत्र्याच्या ऑफिसात रेडिओपाशी बसलेली असायची. हवामान ऐकायचं, त्याला सांगायचं, तो कुठे पोचला ते टिपायचं, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. आकाशातली भाषा तिला बोलता यायची, पण विमानात ती बसली ती चार-दोन वेळाच, तीही मागच्या सीटवर, मांडीवर कुणाचं तरी टपाल घेऊन.

आता तिनं सुकाणू हातात घेतलं आणि सोडलंच नाही. आधी बंदराभोवती चकरा. मग किनाऱ्यानं कॉफिन बे. मग आखाताच्या पलीकडे. थोड्याच दिवसांत तिला इंटरनेटवरची ती साइट सापडली. कुठून निघायचं, कुठे जायचं, कुठलं विमान एवढं टाइप केलं की साइट नकाशावर रेघ ओढून द्यायची, त्या घटकेला खरोखर वाहणारा वारा कुठल्या उंचीवर किती आहे ते सांगायची, वाटेतल्या धावपट्ट्या दाखवायची, आणि इंधन किती घ्यायचं, राखीव किती ठेवायचं, तेही मांडून द्यायची. एक बटण दाबलं की तो आराखडा तसाच्या तसा पडद्यावरच्या विमानात जायचा आणि टाकी भरायची.

"अल्विन, इकडे ये की," ती एकदा ओरडली. "हे बघ, सेड्यूनापर्यंत. तुला हे करायला किती वेळ लागायचा!"

तो आला. पडद्याकडे पाहिलंही नाही. कपाटातून जुना नकाशा, पट्टी आणि पेन्सिल काढली आणि नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. व्हर्नानं चहा केला, त्याच्यापुढे ठेवला, तो गार झाला. शेवटी त्यानं आकडा सांगितला. व्हर्नानं आपल्या आकड्याशी ताडून पाहिला आणि टाळी वाजवली.

"जुळला! जवळजवळ तोच आहे की रे!"

तिला खरंच आनंद झाला होता. आणि अल्विनला वाटलं, आपली आयुष्यभराची विद्या कुणीतरी रद्दीत घातली आणि वर शाबासकी दिली.

"तुझ्या त्या साइटला विचार, स्ट्रीकी बेच्या वर दुपारी धूळ उठते तेव्हा काय करायचं ते," तो म्हणाला.

"तिला कशाला? ते तुला विचारेन."

पण तिनं विचारलं नाही. विचारायला तिला दुसरी माणसं मिळाली होती. घरात बसून विमानं उडवणाऱ्यांचा एक गट होता. ठरल्या दिवशी दुपारी सगळे आपापल्या घरून एकाच आकाशात उतरायचे, एकमेकांची विमानं पडद्यावर दिसायची आणि हेडफोनमधून बोलणं चालायचं. टास्मानियातला डूगल, पूर्वी गाई पाळायचा, आता गुडघे गेले म्हणून मुलाच्या हाती दिल्या. फिजीतली एक नर्स. आणि न्यूझीलंडमधल्या रोटोरुआचा हेमी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. ह्या हेमीचा आवाज मधासारखा. व्हर्ना हेडफोन न घालता स्पीकर लावायची तेव्हा तो आवाज घरभर फिरायचा.

"व्हर्ना कॅप्टन, तुम्ही पुढे व्हा. आम्ही मागे येतो."

कॅप्टन! अल्विन बाहेरच्या खोलीत फुटबॉल बघत बसलेला असायचा. स्कोअर काय झाला ते त्याला सांगता आलं नसतं.

"आज तुझा तो न्यूझीलंडवाला फार खुशीत होता," जेवताना तो म्हणाला.

"हेमी? त्याला नात झाली."

"आजोबा झाला तरी गोड बोलायची सवय जात नाही म्हणायची."

व्हर्नानं माशाचा काटा बाजूला काढला. "तूही बोलून बघ कधीतरी. फुकट असतं."

आवाज हेमीचा नसता तरी अल्विनचं पोट दुखलंच असतं. खरं दुखणं वेगळं होतं. व्हर्नाला ते येत होतं. मागच्या खोलीच्या दारातून तो चोरून बघायचा. ती आडव्या वाऱ्यात विमान तिरकं धरून आणायची आणि अगदी शेवटच्या क्षणी सरळ करून चाकं टेकवायची, जशी आई झोपलेलं मूल पाळण्यात ठेवते. हे त्याला शिकायला कितीतरी वर्षं लागली होती. हिला कुणी शिकवलं? कुणी नाही. नुसतं रेडिओवर ऐकून ऐकून! आपण आकाशात जे कमावलं ते ही खुर्चीत बसून उचलून घेऊन गेली, असं त्याला वाटायचं.

एक दिवस तो धक्क्यावर गेला. एका ट्यूनावाल्यानं त्याला हाक मारली. अल्विनला वाटलं, जुन्या दिवसांची आठवण काढणार.

"अरे अल्विन, माझा नातू तुझ्या बायकोबरोबर उडतो कॉम्प्युटरवर. म्हणतो, आजोबा, ट्रेझाइजबाई एक नंबर आहेत! तू पण उडवायचास ना पूर्वी?"

पूर्वी उडवायचास ना! अल्विन घरी आला तो थेट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला आणि संध्याकाळपर्यंत जाळी ठोकत बसला.

त्याच सुमारास गटानं मोठी सफर ठरवली. पोर्ट लिंकनहून निघायचं, किनारा धरून पश्चिमेला सेड्यूना, पुढे आखातावरचे उंच कडे, आणि मग झाड नसलेलं नलरबारचं माळरान ओलांडून रेल्वेलाइनच्या कडेच्या फॉरेस्ट नावाच्या ठाण्याच्या धावपट्टीवर उतरायचं. गाव व्हर्नाचं, म्हणून म्होरकी व्हर्ना. सगळ्यांचा आराखडाही तिनंच करायचा.

हा रस्ता अल्विनचा होता. त्यावरचा एकेक सुळका त्याला माहीत होता. ती चार दिवस त्याच्या मागे होती. "सांग ना, कड्यांवर वारा कसा उसळतो? कुठे उंची घेऊ?"

"साइटला विचार."

सफरीच्या दिवशी सकाळी पश्चिमेचा जोराचा वारा होता, अगदी तोंडावर येणारा. व्हर्नानं आराखडा पक्का केला, वारा धरला, राखीव इंधन भरपूर ठेवलं आणि सगळ्यांना पाठवून दिला. मग दुपारी वेळ मिळणार नाही म्हणून बेकरीत पेस्टी, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्या, आणायला गेली. साइट उघडीच होती.

अल्विन मागच्या खोलीत गेला तो नुसतं बघायला, असं तो पुढे सांगायचा. असेलही. आराखडा त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला. चूक शोधत होता. चूक नव्हती. एकही नव्हती. त्यानं स्वतः केला असता तर असाच केला असता, आणि तेच त्याला सहन झालं नाही. वाऱ्याच्या चौकटीत त्यानं शून्य घातलं. राखीवच्या चौकटीतही शून्य घातलं. साइटनं कुरकुर न करता नवा आकडा काढून दिला. तो बाहेर येऊन खुर्चीत बसला.

व्हर्ना उशिरा परतली. बेकरीत रांग होती. स्पीकरमधून हेमी हाका मारत होता, "कॅप्टन, सगळे इंजिनं चालू करून बसलेत!" तिनं पेस्टीची पिशवी अल्विनच्या मांडीवर टाकली, आत पळाली, बटण दाबलं, टाकी भरली आणि निघाली.

सेड्यूनापर्यंत सगळं मजेत चाललं. डूगलनं त्याच्या एका हट्टी गाईची गोष्ट सांगितली. फिजीची नर्स कडे बघायला अधीर झाली होती. अल्विन बोळात उभा होता, हातात चहाचा कप घेऊन, आणि मनात हिशेब करत होता. आता तिला कळायला हवं. अजून नाही? आता तरी.

फाउलर्स बेच्या पुढे व्हर्नाचा आवाज बदलला.

"हेमी, तुझ्याकडे इंधन किती उरलंय?"

"अर्ध्याच्या वर. का?"

"डूगल?"

"माझंही तेवढंच. तुझाच तर आराखडा आहे बाई. तुझ्याकडे किती?"

अल्विनला तिची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ झाली आणि मग हळूच, जणू कुणी मागून हाक मारावी तशी, दाराकडे अर्धी वळली आणि थांबली. तिनं मागे पाहिलं नाही.

"माझ्याकडे जवळजवळ नाहीच," ती शांतपणे म्हणाली. "चूक माझी. निघताना आकडा बघितला नाही. तुम्ही फॉरेस्टला चला. मी हायवेवरच्या रोडहाउसपाशी उतरते, तिथे पट्टी आहे."

"तुला सोडून कुठे जाणार?" हेमी म्हणाला. "सगळे तुझ्याबरोबर."

पट्टी दिसायला लागली तोच उजवं इंजिन खोकलं. खोटा आवाज, स्पीकरमधून येणारा. पण तो आवाज कानात शिरताच अल्विनच्या हातून कप सुटला आणि तो आत धावला.

"नाक खाली! व्हर्ना, नाक खाली घाल, वेग जाऊ देऊ नकोस!"

"घातलंय," ती म्हणाली. "तू बाहेर हो."

डावं इंजिनही गेलं. मग नुसता वाऱ्याचा आवाज. ती घाईनं वळली नाही, नाक वर ओढून पट्टी गाठायचा प्रयत्न केला नाही, आहे तेवढी उंची पैशा-पैशानं खर्च करत आली आणि पट्टीच्या अगदी टोकाशी धुळीत चाकं टेकवली. स्पीकरमधून सगळे ओरडत होते, टाळ्या पिटत होते. एकामागून एक तिच्या शेजारी येऊन उतरत होते. दाराशी उभ्या असलेल्या अल्विनच्या पायाखाली चहा पसरला होता, आणि इतकं होऊनही त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्याला हे इतकं सुरेख जमलं असतं का?

व्हर्नानं सगळ्यांचा निरोप घेतला, स्पीकर आणि कॉम्प्युटर बंद केला.

"या घरात दोन माणसं आहेत," ती म्हणाली. "एक बेकरीत होतं."

"अगं, ती साइट कधीकधी…"

"अल्विन. साइटचं नाव घेऊ नकोस."

तो म्हणाला, "खेळ तर आहे. कुणी मेलंय का?"

"खेळ आहे ना? मग चोरलंस कशाला?"

ती उठली, फडकं आणून त्याच्या पायाजवळचा चहा पुसायला लागली. त्यानं फडकं घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही.

"त्या मेंढपाळाच्या पेट्या तू धुळीत ठेवल्यास तेव्हा मी रेडिओवर होते," ती पुसता पुसता म्हणाली. "तो मला फोनवर वाट्टेल ते बोलला. मी म्हटलं, माझा नवरा इंधनाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. किती अभिमान होता मला. आज मी आकडा का नाही बघितला, माहीत आहे? मी कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता ठेवला. या घरावर ठेवला होता."

त्यानंतर घर गप्प झालं. व्हर्नानं भांडण केलं नाही, खोलीला कुलूप लावलं नाही, माहेरच्या कुणाला फोनही केला नाही. फक्त उड्डाणापूर्वी ती पडद्यावरच्या इंधनाच्या आकड्यावर बोट ठेवायची आणि मोठ्यानं वाचायची. दार उघडं असायचं. शिव्या परवडल्या असत्या. ते बोट अल्विनला रोज टोचायचं.

टॅम्सिनचा फोन आला तेव्हा त्यानंच तिला सांगून टाकलं. वाटलं होतं पोरगी हसेल.

"बाबा, तुम्ही?" ती एवढंच म्हणाली. मग, "आईला नाही, त्या लोकांना सांगा. आईनं तुमच्यासाठी सगळ्यांपुढे स्वतःची चूक म्हणून सांगितलीये."

पुढच्या सफरीच्या दिवशी अल्विन दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मला दोन मिनिटं बोलू दे."

व्हर्नानं त्याच्याकडे बघितलं, हेडफोन काढून दिला आणि स्पीकरही लावला.

"मी अल्विन ट्रेझाइज, व्हर्नाचा नवरा," तो म्हणाला. रेडिओवर बोलण्याची जुनी पद्धत, तुटक, स्पष्ट. "त्या दिवशी तिचं इंधन मी काढलं होतं. तिची चूक नव्हती. मला बघवलं नाही."

डूगल आधी खो-खो हसला. "अरे, मला वाटलं काय भयंकर सांगतोस!" पण दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

"मी पोरांची बस चालवायचो," हेमी म्हणाला. आवाजात मध नव्हता. "माझ्या बसचं डिझेल कुणी काढलं असतं तर मी त्याला ओळख दाखवली नसती. पण ती माझी बस. हे व्हर्नाचं विमान आहे. ती म्हणेल तसं."

व्हर्नानं हेडफोन परत घेतला.

"त्याला शेवटी लावू," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मागे. आराखडा त्याचा तो करील, मी तपासेन."

अशा रीतीनं अल्विन ट्रेझाइज जेवणाच्या टेबलावर टॅम्सिनचा जुना लॅपटॉप मांडून बसला. एका बोटानं टाइप करायचा. पहिला आराखडा त्यानं केला तो पोर्ट लिंकनहून निघून चुकून कॅनडातल्या कुठल्यातरी गावाला पोचला. व्हर्ना आतून ओरडली, "गरम कपडे घेतलेस का?" कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी असं बोलली होती. पहिल्या सफरीत त्याचं विमान तीनदा उसळी मारून उतरलं. हेमी काहीच बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्यानं अल्विनचे कान तापले.

त्या संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसून मासे साफ करत होती. अल्विनच्या हातात सुरी तशीच राहिली.

"मला तुझा हेवा वाटतो," तो म्हणाला. "अजून वाटतो. सांगून टाकलं की जाईल असं वाटलं होतं. गेला नाही."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला?" व्हर्नानं खवले काढायचं थांबवलं नाही. "त्या पत्र्याच्या ऑफिसात बसून मी तुझा आवाज ऐकायचे. तू सांगायचास, डाव्या हाताला देवमासे आहेत, मायलेकरू. माझ्या डाव्या हाताला भिंत होती. इतका जळफळाट व्हायचा, अल्विन, की कधी कधी रेडिओ बंद करून टाकावासा वाटायचा."

त्यानं हे कधी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

"मग काय करायचीस?"

"तुला हवामान सांगायचे. नीट. जे असेल ते." तिनं मासा बादलीत टाकला. "हात चालव, अंधार पडतोय."

फॉरेस्टची राहिलेली सफर त्यांनी वसंतात पुरी केली. व्हर्ना पुढे, मग हेमी, नर्स, डूगल आणि सगळ्यांच्या शेवटी अल्विन. तिचा आवाज त्याला दोनदा ऐकू यायचा, एकदा भिंतीतून आणि लगेच हेडफोनमधून. या खेपेला कड्यांवर वारा कुठे उसळतो ते त्यानं आधीच सांगितलं होतं आणि तिनं त्याप्रमाणे आराखड्यात उंची वाढवून घेतली होती. आखाताच्या टोकाला सगळी विमानं एका ओळीत आली. खाली निळं पाणी, पांढरा फेस.

"सुरेख नेताय, कॅप्टन," हेमी म्हणाला.

अल्विनला रस्ता माहीत होता. थोडं खाली उतरलं की कड्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, तिथून सगळ्यांना गाठून व्हर्नाच्याही पुढे निघता आलं असतं. त्याचा हात न कळत पुढे सरकला, इंजिनांचा आवाज चढला.

"अल्विन," भिंतीतून आणि हेडफोनमधून ती म्हणाली, "वेग सांभाळ. डूगलच्या अंगावर येतोयस."

त्यानं हात मागे घेतला.

"सांभाळला," तो म्हणाला. "मागेच आहे."